युद्धातलं खोटं आणि नंतर कुणाला न पटलेलं खरं

शोधयात्री

युद्धकाळातल्या सरकारी प्रचाराचा विषय निघाला की चर्चा थेट गोबेल्सपाशी जाते आणि तिथेच मुक्काम ठोकते. हुकूमशाही खोटं बोलते हे आपल्याला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे त्यातून नवं काही हाती लागत नाही. मला या धाग्यात लोकशाही सरकारांबद्दल लिहायचं आहे, आणि त्यातही ज्यांची बाजू बऱ्यापैकी न्याय्य होती त्यांच्याबद्दल. त्यांनी स्वतःच्याच लोकांना जे खोटं सांगितलं, त्याची किंमत पुढे कुणी मोजली?

ऑगस्ट १९१४. जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं. दिनां नावाच्या नदीकाठच्या छोट्या शहरात त्यांनी ६७४ नागरिक मारले, त्यात बायका आणि तान्ही मुलंही होती. २५ ऑगस्टच्या रात्री लूव्हेन विद्यापीठाचं ग्रंथालय जाळलं. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्स मिळून त्या काही महिन्यांत साधारण साडेसहा हजार नागरिक जर्मन सैनिकांच्या हातून मेले. इतिहासकारांनी दोन्ही बाजूंची कागदपत्रं चाळून काढलेला हा आकडा आहे. म्हणजे सांगायला खरंच पुष्कळ होतं, आणि ते भयंकर होतं.

ब्रिटनने सप्टेंबर १९१४ मध्ये चार्ल्स मास्टरमनच्या हाताखाली एक गुप्त प्रचार कार्यालय उघडलं. वेलिंग्टन हाउस म्हणून ते ओळखलं जातं. त्याची पद्धत अशी की पुस्तकं, पुस्तिका सरकारच्या नावाने काढायच्याच नाहीत. नामांकित प्रकाशकांकडून, नामांकित लेखकांच्या नावाने बाजारात आणायच्या. वाचणाऱ्याला पत्ताच लागू नये की यामागे सरकार आहे. मे १९१५ मध्ये लॉर्ड ब्राइस यांच्या समितीचा बेल्जियममधल्या अत्याचारांवरचा अहवाल आला. ७ मे रोजी जर्मन पाणबुडीने लुसिटानिया ही अमेरिकन प्रवासीही असलेली बोट बुडवलेली, अहवाल १२ मेचा. अमेरिकेतली मनं तापलेली असताना तो तिथे पोचला. तीसेक भाषांत त्याची भाषांतरं झाली.

आता त्या अहवालाच्या आत काय होतं ते बघा. बाराशेच्या आसपास साक्षी. एकाही साक्षीदाराला शपथ दिलेली नाही, त्यांची नावं छापलेली नाहीत, आणि समितीच्या सदस्यांनी स्वतः त्यांतल्या कुणाला समोर बसवून विचारलेलं नाही. त्यामुळे खऱ्याखुऱ्या कत्तलींच्या शेजारी ऐकीव कहाण्या बसल्या: हात तोडलेली मुलं, संगिनीवर टोचलेली बाळं. दोन्ही एकाच छापात, एकाच सहीशिक्क्याखाली.

त्यानंतर एप्रिल १९१७ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रांत बातमी आली की जर्मन लोक स्वतःच्याच मेलेल्या सैनिकांची प्रेतं कारखान्यात उकळून चरबी काढतात. ही कहाणी जगभर गेली. डिसेंबर १९२५ मध्ये ऑस्टिन चेंबरलेन यांनी ब्रिटिश संसदेत सांगितलं की तिला काही आधार नव्हता.

तोवर लोकांची खात्री पटली होती की आपल्याला फसवलं गेलं. आणि मग प्रेतांच्या कारखान्याबरोबर दिनांसुद्धा लोकांच्या मनातून गेलं. 'सगळाच ब्रिटिश प्रचार होता' हे वाक्य वीस वर्षं चाललं.

आता १९४३. पोलंडमधून विषारी वायूच्या कोठड्यांच्या बातम्या येत होत्या. ब्रिटनच्या संयुक्त गुप्तचर समितीचे अध्यक्ष व्हिक्टर कॅव्हेंडिश-बेंटिंक यांनी ऑगस्टमध्ये एका टिपणात लिहिलं की हे मान्य करणं ही आपली चूक ठरेल, ही गोष्ट मला मागच्या युद्धातल्या त्या प्रेतांच्या चरबीच्या कहाणीची आठवण करून देते, आणि ती कहाणी धादांत खोटी होती. त्या महिन्याच्या शेवटी पोलंडमधल्या गुन्ह्यांवर जे संयुक्त निवेदन निघालं, त्यातून वायूच्या कोठड्यांचा उल्लेख काढून टाकण्यात आला. पुरावा पुरेसा नाही म्हणून.

हा माणूस मूर्ख नव्हता. त्याला आपल्याच देशाने पूर्वी केलेला खोटेपणा माहीत होता, आणि नेमका तोच त्याच्या आड आला. मला या संपूर्ण इतिहासात याहून जास्त अस्वस्थ करणारं दुसरं काही सापडलेलं नाही. १९१७ मध्ये ज्यांनी ती बातमी चालवली त्यांना युद्ध जिंकायचं होतं. किंमत मोजली ती सव्वीस वर्षांनी, त्या कहाणीशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांनी.

तुमची मतं वाचायला आवडतील. विशेषतः याच्या उलट मत असेल तर जरूर लिहा.

केतकी_न

वाचून सुन्न झाले. दिनांचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं, यातच सगळं आलं.

रोखठोक

धागा उत्तम, पण निष्कर्ष एकांगी वाटतो. युद्ध ही नीतिमत्तेची परीक्षा नाही. १९४४ मध्ये दोस्तांनी जर्मनांना जो कात्रजचा घाट दाखवला तो आठवा. अमेरिकन जनरल पॅटनच्या नावाने अख्खी खोटी फौज इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर उभी केली. खोटे रणगाडे, खोट्या लँडिंग बोटी, खोटी बिनतारी बडबड. गार्बो नावाने ओळखला जाणारा हुआन पुजोल हा ब्रिटिशांसाठी काम करणारा स्पॅनिश दुहेरी हेर सत्तावीस काल्पनिक हस्तकांच्या नावाने जर्मनांना अहवाल धाडत होता. नॉर्मंडीत सैन्य उतरल्यावरही हिटलरचे सेनापती कित्येक आठवडे 'खरा हल्ला फ्रान्समधल्या कॅले बंदराजवळ होणार' म्हणून तिकडचे सैन्य अडवून बसले. या एका खोट्याने किती हजार जीव वाचले असतील?

युद्धात खरं बोलायचं व्रत घेतलेल्या देशाचं काय होतं, ते इतिहासात शोधायची गरज नाही. तो देशच उरत नाही.

शोधयात्री

रोखठोक, गार्बोबद्दल माझी तक्रार नाहीच. तिथे फसवला गेला तो शत्रूचा सेनापती. सेनापतीने समोरच्यावर विश्वास ठेवू नये हे त्याच्या कामाचाच भाग आहे. ब्राइस अहवाल ज्यांच्यासाठी छापला ते होते आपले नागरिक, मित्रदेशांचे नागरिक, आणि तटस्थ लोक. त्यांनी विश्वास ठेवला कारण ठेवायला हवा होता. या दोन गोष्टी एका पोत्यात भरू नयेत एवढंच म्हणणं.

फौजी_अण्णा

शोधयात्री यांनी केलेला फरक कायद्यातही आहे. जिनिव्हा करारांचा १९७७ चा पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल, कलम ३७. त्यात छद्मावरण, बनावट ठाणी, दिखाऊ हालचाली, शत्रूला चुकीची माहिती पुरवणं हे सगळं चालतं असं स्पष्ट लिहिलंय. चालत नाही ते शरण आल्याचं ढोंग करून गोळी घालणं, जखमी असल्याचा किंवा नागरिक असल्याचा बहाणा करून मारणं. कारण सरळ आहे. एकदा पांढऱ्या निशाणाचा असा वापर झाला की पुढच्या वेळी खरोखर शरण येणाऱ्यालाही गोळी बसते.

आणि एक. शत्रूच्या सैनिकाला शरण आणायचं असेल तर खरंच बोलावं लागतं, हा मानसशास्त्रीय युद्धातला जुना अनुभव आहे. १९७१ च्या डिसेंबरात पूर्व पाकिस्तानात जनरल माणेकशॉ यांचे संदेश आकाशवाणीवरून जात होते, विमानांतून पत्रकं पडत होती. मजकूर साधा: तुम्ही वेढले गेला आहात, सुटकेचे मार्ग बंद आहेत, शस्त्रं खाली ठेवलीत तर जिनिव्हा करारानुसार सन्मानाने वागवू. त्यातलं पहिलं त्या सैनिकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होतं. म्हणून तिसऱ्यावर विश्वास बसण्याची शक्यता निर्माण झाली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, सुमारे ९३ हजार युद्धकैदी. पत्रकांनी युद्ध जिंकलं असं मी म्हणणार नाही, ते रणांगणावर जिंकलं गेलं. पण शेवटच्या काही दिवसांत ढाक्याच्या गल्लीगल्लीत लढाई झाली नाही, यात त्या शब्दांचा वाटा नक्की आहे.

बिनतारी

माझा आवडता विषय, त्यामुळे लांबण लागेल.

सेफ्टन डेल्मर हे नाव या धाग्यात यायलाच हवं. बर्लिनमध्ये जन्मलेला, जर्मन मातृभाषेसारखी बोलणारा ब्रिटिश पत्रकार. १९४१ मध्ये ब्रिटनच्या राजकीय युद्ध विभागासाठी त्याने 'गुस्ताव्ह झिगफ्रीड आइन्स' नावाचं नभोवाणी केंद्र सुरू केलं. ते जर्मनीतलंच एक चोरटं केंद्र असल्याचा बहाणा. बोलणारा 'डेर शेफ' हा कट्टर जर्मन राष्ट्रवादी असल्याचं भासवलं जाई. पहिल्याच प्रक्षेपणात त्याने चर्चिलला गलिच्छ शिव्या घातल्या. का? तर ऐकणाऱ्या जर्मन सैनिकाची खात्री पटावी की हा आपलाच माणूस. मग तोच माणूस नाझी पुढाऱ्यांच्या भ्रष्टाचाराच्या, बाहेरख्यालीपणाच्या कंड्या पिकवू लागला की त्या खऱ्या वाटणार. ही प्रक्षेपणं इतकी अश्लील असत की मंत्रिमंडळातल्या स्टॅफर्ड क्रिप्स यांनी १९४२ मध्ये परराष्ट्रमंत्री ईडन यांच्याकडे तक्रार केली. युद्ध जिंकायला हे असलं लागत असेल तर मी ते हरणं पसंत करीन, असा त्यांचा सूर होता. हेच क्रिप्स त्याच वर्षी आपल्याकडे योजना घेऊन आले होते.

१९४३ मध्ये 'सोल्डाटेनझेंडर कॅले' हे जर्मन सैनिकांसाठीचं केंद्र सुरू झालं आणि इथे खरी कारागिरी दिसते. डेल्मरचा नियम होता: चुकून किंवा ढिसाळपणामुळे कधीही खोटं बोलायचं नाही, बोलायचं तर ठरवून. जर्मन वृत्तसंस्थेचं एक हेल्श्रायबर यंत्र (बातम्या छापून देणारं दूरमुद्रक) युद्ध सुरू होताना लंडनमध्येच मागे राहिलं होतं. त्यावर बर्लिनहून येणारी अधिकृत बातमी यांना जर्मन संपादकांच्या बरोबरीने मिळे. युद्धकैद्यांच्या गप्पा, त्यांच्याकडची पत्रं, जर्मनीतली गावोगावची वर्तमानपत्रं यांतून बारीकसारीक तपशील जमवले जात. बॉम्बहल्ला झाला की टेहळणी विमानांचे फोटो तपासून कुठल्या शहरातल्या कुठल्या रस्त्यावरची घरं पडली ते सांगत. नृत्यसंगीत, खेळांचे निकाल, आणि मध्येच हे रस्त्यांचं नाव. पुढे अगदी आपुलकीने सांगायचं की ज्याचं घर पडलंय त्या सैनिकाला खास रजा मागण्याचा हक्क आहे. रजा मिळणार नसतेच. पण त्या सैनिकाच्या डोक्यात भुंगा सुरू झाला!

यातलं जवळजवळ सगळं खरं आहे, हे लक्षात घ्या. खोटं फक्त एवढंच की बोलणारा कोण.

या केंद्राचं प्रक्षेपण जायचं ॲस्पिडिस्ट्रा नावाच्या ६०० किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून, इंग्लंडमधल्या क्रोबरोजवळून. मार्च १९४५ मध्ये त्याचा वेगळाच वापर झाला. हवाई हल्ल्याच्या वेळी जर्मन केंद्रं बंद होत. त्याच क्षणी ॲस्पिडिस्ट्रा तीच वारंवारिता पकडून, तशाच आवाजात जर्मन नागरिकांना गाव सोडायच्या खोट्या सूचना देई, म्हणजे रस्ते तुंबतील. तांत्रिकदृष्ट्या थक्क करणारी गोष्ट. पण शोधयात्रींच्या फरकात ही कुठे बसते? फसवले गेले ते सेनापती नव्हेत, मुलाबाळांना घेऊन निघालेले लोक.

मुग्धा_दे

बिनतारी, शेवटचा परिच्छेद वाचून काटा आला. माझ्या मते ती सीमा ओलांडलेली आहे, युद्ध कुणाच्या का बाजूने असेना.

रोखठोक

मार्च १९४५ मध्ये युद्ध एक आठवडा लवकर संपणं म्हणजे छळछावण्यांतली किती माणसं वाचणं, हाही हिशोब मांडा. मी त्या सूचना देणाऱ्याला गुन्हेगार म्हणणार नाही.

गार्गी

दोन मुद्दे आपल्या बाजूचे. प्रचार म्हणजे फक्त खोटं पसरवणं नव्हे, खरं दाबणंही त्याच कारखान्यातलं.

पहिला, १९४३ चा बंगाल. सरकारने दुष्काळ संहितेखाली दुष्काळ जाहीरच केला नाही. युद्ध चालू होतं, जपान ब्रह्मदेशापर्यंत आलेला, 'मनोधैर्य खचेल' हे कारण सदैव तयार. २२ ऑगस्ट १९४३ रोजी 'द स्टेट्समन'चे संपादक इयन स्टीफन्स यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवर मरणाऱ्या माणसांचे फोटो छापले. स्टीफन्स स्वतः इंग्रज, पत्रही इंग्रजी मालकीचं. ते फोटो छापून आल्यावर बंगालची गोष्ट जगाला नाकारता आली नाही. त्या दुष्काळात साधारण तीस लाख माणसं गेली असं बहुतेक अभ्यासक मानतात. ज्यांचं मनोधैर्य राखायचं होतं ते नेमके कोण, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

दुसरा, आझाद हिंद सेना. इंग्रज सरकारने तिची बातमी भारतीय वर्तमानपत्रांत १९४५ पर्यंत येऊ दिली नाही. सैन्यात मात्र तिच्याविरुद्ध मोहीम उघडली. त्या सैनिकांना 'जिफ' असं हिणकस नाव दिलं, पलटणींमध्ये 'जोश' गट स्थापन केले, जपानी कसे क्रूर आहेत यावर चर्चा घडवल्या. सैन्याच्या दृष्टीने ते बऱ्यापैकी यशस्वी झालं असेलही. पण जनतेपासून लपवल्यामुळे काय झालं? ५ नोव्हेंबर १९४५ ला लाल किल्ल्यात खटला उभा राहिला आणि लोकांना सगळं एकदम कळलं. दोन-तीन वर्षांत हळूहळू झिरपलं असतं, त्यावर वाद झाले असते, ते एका झटक्यात फुटलं. देश पेटून उठला. आपल्यासाठी ते चांगलंच झालं, पण लपवणाऱ्यांना हे अपेक्षित नव्हतं.

चौकस

गार्गी, +१. जिफबद्दल माहीत नव्हतं.

बिनतारींच्या 'जवळजवळ सगळं खरं' वरून द्रोणपर्व आठवलं. 'नरो वा कुंजरो वा' मधला मला महत्त्वाचा वाटणारा भाग असा की अश्वत्थामा गेल्याची आरोळी भीमाने आधीच ठोकली होती. द्रोणांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. ते युधिष्ठिराकडे वळले, कारण तो खोटं बोलत नाही. म्हणजे हत्यार ठरलं ते वाक्य नव्हे, त्याची आयुष्यभराची पत. आणि ती एकदाच वापरता आली. व्यासांनी त्याचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ तिथेच खाली आणलाय.

बिनतारी

चौकस, चपखल. बीबीसीने युद्धाच्या सुरुवातीला स्वतःचे पराभव सांगायचं धोरण ठेवलं त्यामागे हाच विचार होता. नॉर्वे, डंकर्क, सिंगापूर हरल्याचं ज्या केंद्राने सांगितलं, त्याने पुढे जिंकल्याचं सांगितलं तेव्हा ते पटलं.

एक छोटी भर. शरणपत्रं तयार करणाऱ्या दोस्तांच्या विभागाचा अनुभव असा की अमेरिकेतल्या छावण्यांत जर्मन कैद्यांना न्याहारीला अंडी मिळतात हे खरं असूनही त्यांना ते वगळावं लागलं. उपाशी जर्मन सैनिकाला ते थापच वाटे. त्याऐवजी आयझेनहॉवरच्या सहीचं, शिक्के असलेलं, सरकारी दाखल्यासारखं दिसणारं पत्र टाकलं. ते त्याने खिशात जपून ठेवलं.

फौजी_अण्णा

आणि शत्रूला कमी लेखलं की काय होतं त्याचं उदाहरण व्हिएतनाम. तिथल्या श्रद्धेनुसार अंत्यसंस्कार न झालेला आत्मा भटकत राहतो, म्हणून अमेरिकनांनी रात्री हेलिकॉप्टरवरून रडण्याचे, विव्हळण्याचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले. पलीकडच्यांना ते ध्वनिमुद्रण आहे हे बहुतेकदा कळत असे. आवाज आला की त्या दिशेने गोळीबार होई.

केतकी_न

आजच्या काळाबद्दल कुणीतरी लिहा ना. आता तर बनावट व्हिडिओ घरबसल्या तयार होतात.

मुग्धा_दे

केतकी, युक्रेनचं उदाहरण दोन्ही बाजूंनी शिकवणारं आहे. १६ मार्च २०२२ ला झेलेन्स्की आपल्या सैनिकांना शस्त्रं टाकायला सांगताहेत असा बनावट व्हिडिओ आला. एका वृत्तसंस्थेचं संकेतस्थळ फोडून त्यावर टाकला होता. तो फारसा चालला नाही. एक तर कारागिरी कच्ची होती. पण दुसरं कारण मोठं: असा व्हिडिओ येऊ शकतो हे सरकारने मार्चच्या सुरुवातीलाच लोकांना सांगून ठेवलं होतं, आणि झेलेन्स्कींनी लगेच स्वतः समोर येऊन खुलासा केला.

पण त्याच सरकारच्या बाजूने 'कीव्हचं भूत' ही कहाणीही फिरली. एकटा वैमानिक, डझनांनी रशियन विमानं पाडलेला. ३० एप्रिलला युक्रेनच्या हवाई दलानेच सांगितलं की ही दंतकथा आहे. स्नेक आयलंडवरचे तेरा सैनिक मेले म्हणून त्यांना मरणोत्तर गौरव जाहीर झाला, काही दिवसांत ते जिवंत आणि कैदेत असल्याचं निघालं. पहिल्या रात्री माहिती अपुरी असणं मी समजू शकते. सुधारणा स्वतःहून केली हेही त्यांच्या बाजूने धरते.

शोधयात्री

सगळ्यांचे आभार. रोखठोक यांच्यासाठी एक जोडी पुन्हा मांडतो, या वेळी आपल्या हयातीतली.

१० ऑक्टोबर १९९०. अमेरिकन काँग्रेसच्या मानवाधिकार गटासमोर नायिरा नावाची पंधरा वर्षांची कुवेती मुलगी रडत सांगते की इराकी सैनिकांनी इस्पितळातल्या इनक्युबेटरमधून बाळं काढून थंड फरशीवर मरायला टाकली. राष्ट्राध्यक्ष बुश ही गोष्ट पुन्हापुन्हा सांगतात. १२ जानेवारी १९९१ ला सिनेट ५२ विरुद्ध ४७ मतांनी युद्धाला मान्यता देतं. वर्षभराने, जानेवारी १९९२ मध्ये उघड होतं की ती अमेरिकेतल्या कुवेती राजदूतांची मुलगी होती आणि ही साक्ष घडवून आणण्यात एका जनसंपर्क कंपनीचा हात होता. इराकी फौजेने कुवेतमध्ये खून, छळ, लुटालूट केली होतीच. दिनांसारखीच.

त्यानंतर ५ फेब्रुवारी २००३, सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल. इराककडची सामूहिक संहाराची शस्त्रं. ती सापडली नाहीत.

आणि मग २१ ऑगस्ट २०१३. सीरियात दमास्कसजवळच्या घूटामध्ये विषारी वायूने शेकडो माणसं झोपेत मेली. २९ ऑगस्टला ब्रिटिश संसदेत मतदान झालं, सीरियावरच्या लष्करी कारवाईबाबतचा सरकारचा ठराव २८५ विरुद्ध २७२ असा पडला. त्या चर्चेत पंतप्रधान कॅमेरून यांनी स्वतः कबूल केलं की इराक प्रकरणाने लोकमताची विहीरच विषारी करून टाकली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तपासनिसांचा अहवाल १६ सप्टेंबरला आला: सारिन हा विषारी वायूच होता.

फौजी_अण्णा

सीरियावर हल्ला करणं शहाणपणाचं होतं का, हा स्वतंत्र प्रश्न आहे. मी खासदार असतो तर कदाचित विरोधातच मत दिलं असतं. पण पुरावा खोटा असेल या संशयाने नव्हे.

रोखठोक

शोधयात्री, घूटाचं उदाहरण मला मान्य करावं लागेल. गार्बोचा मुद्दा मी सोडत नाही, आणि मार्च १९४५ बद्दलही माझं मत तेच आहे. पण २००३ मध्ये ज्यांना फसवलं ते शत्रू नव्हते हे खरं. एक प्रश्न राहतो. १९१५ मध्ये ब्राइस समितीने फक्त तपासलेल्याच साक्षी छापल्या असत्या, तर अहवालाला वर्षभर लागलं असतं. तेवढा वेळ बेल्जियमकडे होता का?

शोधयात्री

वर्ष लागलं नसतं असं मला वाटतं. दिनांमधल्या मृतांची नावं, वयं गावकऱ्यांकडे होती. लूव्हेनची राख कुणालाही जाऊन बघता येत होती, तटस्थ देशांचे पत्रकार तिथे पोचलेही होते. हात तोडलेली मुलं वगळली असती तर अहवाल निम्म्याने बारीक झाला असता, आणि पुढे कुणाला तो फेटाळता आला नसता.

जर्मन सैनिकांच्या त्या काळातल्या रोजनिशी आणि तिथल्या चौकशीच्या साक्षी यांवर बरंच काम झालं आहे. सवडीने त्यावर वेगळा धागा काढतो.